आजारी प्रवाळाचे निदान

खाऱ्या पाण्याच्या टाकीतले एखादे प्रवाळ पांढरे पडले की ते पाळणारा माणूस हादरतो. पण पांढऱ्या रंगाचे दोन अर्थ असतात. एका पांढऱ्या प्रवाळात जीव शाबूत असतो. त्याच्या अंगातले सूक्ष्म शैवाल तेवढे निघून गेलेले असते आणि पारदर्शक झालेल्या कातडीतून आतला चुनखडीचा सांगाडा दिसत असतो. दुसऱ्यात ती कातडीच गळून गेलेली असते आणि मागे उघडा सांगाडा उरलेला असतो. पहिल्याला थोडी सावली, अन्न आणि पुरेसा वेळ मिळाला तर रंग परत येऊ शकतो. दुसऱ्याचा जेवढा भाग उघडा पडला तेवढा गेला. आता उरलेला वाचवायचा असतो, आणि तोही कधी कधी काही तासांत.

या दोघांना एकच उपाय लागू पडणार नाही हे उघड आहे. तरी घडते ते बहुधा असे: पांढरे दिसले की त्याच संध्याकाळी अर्धे पाणी बदलले जाते, दिव्यांची वेळ कमी केली जाते, दुकानातून आणलेली एखादी बाटली ओतली जाते. तीन दिवसांनी प्रवाळ मेले तर ते मूळ आजाराने मेले की या धावपळीने, हे कोणालाच सांगता येत नाही. घरगुती टाकीत प्रवाळांचे सर्वाधिक नुकसान घाईने होते असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखाचा आग्रह साधा आहे. आधी निदान, मग उपाय, आणि उपायसुद्धा एका वेळी एकच.

आयुर्वेदात वाग्भटाने रोगी तपासण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. प्रवाळाला हा क्रम नेमका लागू पडतो. फरक इतकाच की इथे प्रश्नांची उत्तरे रोग्याने नाही, पाळणाऱ्याने द्यायची असतात.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असायला हवी. भारतात कठीण प्रवाळांच्या सर्व जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ मध्ये त्यांचा तिथे समावेश झाला. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथली प्रवाळे हलवायची होती, तेव्हा महापालिकेलाही या कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागली. घरात प्रवाळ पाळण्याचा छंद रुजला आहे तो अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, जपान अशा देशांत. तिथे परवान्याने आलेली किंवा टाकीतच तुकडे करून वाढवलेली प्रवाळे मिळतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतही अशा टाक्या असतात. पुढचे विवेचन त्यांना उपयोगी पडेल. प्रवाळ आजारी कसे पडते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्या प्रत्येकालाही ते उपयोगी पडावे.

निरोगी प्रवाळ म्हणजे काय

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि तोंडाभोवती डंख मारणाऱ्या स्पर्शकांचे कडे. असे शेकडो, हजारो पॉलिप एकाच पातळ कातडीने जोडलेले असतात आणि आपल्या खाली ॲरागोनाइट या प्रकारच्या चुनखडीचा सांगाडा घालत जातात. त्यांच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये त्याला झूझँथेला हे नाव दिले. एका चौरस सेंटीमीटर कातडीत या शैवालाच्या दहा लाखांच्या आसपास पेशी असू शकतात. ते प्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देते. काही जातींची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातून भागते. बदल्यात प्रवाळाच्या शरीरातून निघणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस शैवालाला मिळतात. थॉमस गोरो यांनी १९५० च्या दशकात जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले, की प्रकाशात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो.

या रचनेतून आजाराच्या तीन वाटा निघतात. शैवालाशी असलेली भागीदारी बिघडली की रंग जातो. चुनखडी घालण्याचे काम बिघडले की टोके आणि कडा बिघडतात. कातडीवरच हल्ला झाला, मग तो जंतूंचा असो, किड्यांचा असो की शेजाऱ्याचा, तर मांस सुटते. समोरच्या प्रवाळात या तिघांपैकी काय चालले आहे, हे निदानाला ठरवायचे असते.

दर्शन

पहिला प्रश्न डोळ्यांनी सोडवायचा: पांढऱ्या भागावर कातडी आहे का? भिंग घ्यावे आणि दिवे मंद असताना पाहावे. विरंजन झालेल्या, म्हणजे नुसते शैवाल गमावलेल्या प्रवाळात पॉलिप दिसतात, रात्री ते स्पर्शक बाहेर काढतात, पृष्ठभाग ओलसर आणि गुळगुळीत भासतो. कातडी गेलेल्या भागात सांगाड्याच्या धारदार कडा आणि रिकामी भोके स्पष्ट दिसतात. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यामध्ये सरळ, रेखीव सीमा असते. त्या सीमेचा रोज एकाच कोनातून फोटो काढावा. दोन फोटो शेजारी ठेवले की आजाराचा वेग कळतो.

निदानात या वेगाला मोठे महत्त्व आहे. मांस आठवड्याला काही मिलिमीटर सरकत असेल तर कारण बहुधा रोजच्या परिस्थितीत आहे. प्रकाश, अन्न, पाण्यातले क्षार तपासायला वेळ हाताशी आहे. पण ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाचे मांस एका रात्रीत चिंध्यांसारखे सुटू लागले तर कारण शोधत बसायला सवड नाही. आधी निरोगी फांद्या छाटून वेगळ्या कराव्या लागतात.

दुसरा प्रश्न जागेचा: पांढरेपणा कुठून सुरू झाला? वरच्या, दिव्यासमोरच्या बाजूला फिकटपणा आणि खालच्या सावलीत रंग शाबूत, तर संशय प्रकाशावर जातो. नवा एलईडी दिवा बसवला, जुन्या नळ्या बदलल्या, काच पुसली, प्रवाळ वरच्या खडकावर हलवले, यांतले काहीतरी झालेले असते. बुडापासून वर सरकणारा पांढरेपणा पाण्यातल्या चढउताराकडे, बुडाशी पडणाऱ्या सावलीकडे किंवा खाली लपलेल्या किड्यांकडे बोट दाखवतो. एकाच कुशीवर जखम असेल आणि त्या बाजूला दुसरे प्रवाळ असेल तर भांडण शेजाऱ्याशी आहे. गोल, ठिपक्यांसारखे फिकट डाग विखुरलेले असतील तर कोणीतरी चावे घेत आहे.

पांढरी टोके पाहून मात्र लगेच घाबरू नये. जोमाने वाढणाऱ्या ॲक्रोपोराच्या फांदीचे टोक आणि पसरट मॉन्टिपोराची कड मुळातच पांढरट असते. नवा सांगाडा तयार होत असतो आणि शैवाल तिथे अजून पुरेसे पसरलेले नसते. त्या टोकावर कातडी असते. तेच टोक जळाल्यासारखे उघडे पडले आणि काही दिवसांत त्यावर शेवाळ धरले, तर पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने त्यातल्या कार्बोनेटांचे प्रमाण, तपासायलाच हवी. अल्कलिनिटी जास्त आणि पोषकद्रव्ये जवळजवळ शून्य असलेल्या टाकीत ही खूण वारंवार दिसते.

रंग गडद तपकिरी होणे हेही लक्षणच आहे. प्रकाश अपुरा पडला तर प्रवाळ अंगातले शैवाल वाढवते आणि निळी, जांभळी छटा त्या तपकिरीखाली झाकली जाते. नायट्रेट आणि फॉस्फेट फार वाढले तरी हेच होते. अशा प्रवाळाच्या जिवाला लगेच धोका नसतो. त्याला एकदम भरपूर प्रकाशात नेले तर मात्र तपकिरीवरून ते थेट पांढऱ्यावर जाते.

तिसरी पाहणी रात्रीची. दिवे बंद होऊन दोन-तीन तास झाले की लाल काच किंवा लाल कागद लावलेल्या विजेरीने टाकी पाहावी. लाल प्रकाशाने निशाचर प्राणी फारसे बिचकत नाहीत. दिवसा एकमेकांपासून लांब वाटणारी दोन प्रवाळे रात्री कशी भिडतात ते तेव्हा दिसते. गॅलेक्सिया जातीचे प्रवाळ रात्री वीतभर लांब स्पर्शक पाण्यात सोडते आणि शेजाऱ्याच्या कातडीवर डंख मारते. काही जाती याहून पुढे जातात. जुडिथ लँग यांनी १९७० च्या दशकात जमैकात दाखवून दिले, की प्रवाळ आपल्या पोटातले तंतू बाहेर काढून शेजाऱ्याचे मांस जागेवरच पचवू शकते. मऊ प्रवाळे स्पर्शकांऐवजी रसायने पाण्यात सोडतात. त्यामुळे दूरवरच्या कठीण प्रवाळाची वाढही खुंटू शकते.

याच वेळी किडेही सापडतात. ॲक्रोपोरावर जगणारा एक चपटा कृमी आहे, अमाकुसाप्लाना ॲक्रोपोरी. त्याचे शास्त्रीय वर्णन २०११ मध्ये झाले, त्याआधी अनेक वर्षे तो टाक्यांमध्ये धुमाकूळ घालत होता. तो यजमानाच्याच रंगात इतका मिसळतो की फांदीवर नजर रोखूनही दिसत नाही. त्याने सोडलेले गोल फिकट चावे आणि बुडाच्या उघड्या सांगाड्यावरची तांबूस अंडी दिसतात. लाल ढेकूण म्हणून ओळखला जाणारा टेगास्टेस हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पिवळसर कवचधारी जीव आहे आणि त्याच्या अंगावर लाल ठिपका असतो. तो लागला की ॲक्रोपोराचे पॉलिप दिवसचे दिवस आत ओढलेले राहतात आणि रंग निस्तेज होतो. मॉन्टिपोरा खाणारे पांढरे समुद्री गोगलगायीसारखे जीव पसरट थाळीच्या खालच्या बाजूला दडतात. म्हणून थाळी उलटून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

स्पर्शन

प्रवाळाला बोट लावायचे नसते. लावलेच तर हात धुऊन आणि हातमोजे घालून, कारण हाताला लागलेला साबण, मलम त्याला अपायकारक ठरते आणि झोॲन्थसच्या काही जातींतले पॅलिटॉक्सिन माणसालाही घातक असते. इथे स्पर्शनाचे साधन म्हणजे रबरी फुग्याची पिचकारी. तिने टाकीतलेच पाणी हळूच प्रवाळावर सोडावे. निरोगी पॉलिप झटकन आत जातात आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतात. मरणपंथाला लागलेली कातडी त्याच झोताने सुटून पाण्यात तरंगते. चपटे कृमी असतील तर तेही उडून खाली पडतात.

पिचकारीतून आणखी एक गोष्ट उघड होते. फांद्यांच्या बेचक्यातून गाळाचा ढग उठला तर तिथे पाण्याचा प्रवाह पोहोचत नाही. साचलेल्या गाळाखाली प्राणवायू कमी पडतो, जंतू वाढतात आणि कातडी कुजते. उलट, हॅमर किंवा टॉर्च या नावांनी विकल्या जाणाऱ्या युफिलियाचे मांसल स्पर्शक सतत एकाच बाजूला वाकलेले असतील तर प्रवाह फार जोराचा आणि एकमार्गी आहे. तसा प्रवाह मांस सांगाड्याच्या कडेवर घासून फाडतो.

वास हे शेवटचे, पण मोलाचे लक्षण. युफिलियाच्या एका डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा थर जमला आणि त्याला कुजका वास येत असेल तर तो सांसर्गिक आजार आहे. इंग्रजीत त्याला ब्राउन जेली म्हणतात. त्या थरात कुजणारे मांस, जंतू आणि ते खाणारे केसाळ एकपेशीय जीव असतात. तो तासातासाने पसरतो आणि प्रवाहाबरोबर शेजारच्या डोक्यावर जातो. अशा वेळी आधी पंप बंद करावा, म्हणजे थर पाण्यात उधळत नाही. मग नळीने तो ओढून काढावा आणि लागण झालेले डोके कापून टाकीबाहेर काढावे.

प्रश्न

आता प्रश्न स्वतःला विचारायचे. पहिला: एकच प्रवाळ आजारी आहे की अनेक? एकच असेल तर कारण त्याच्या जागेत, शेजाऱ्यात किंवा त्याच्यावरच्या किड्यांत शोधावे. एकाच जातीची सगळी प्रवाळे बिघडली, बाकीची ठीक आहेत, तर त्या जातीचा किडा किंवा रोग. सगळ्याच जाती एकदम मलूल झाल्या तर कारण सगळ्यांच्या सामाईक पाण्यात किंवा प्रकाशात आहे.

दुसरा: इतर प्राणी कसे आहेत? गोगलगायी काचेवरून खाली पडून उलट्या पडल्या असतील, कोळंबी मेली असेल, तर विषाचा संशय घ्यावा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर दिले जाणारे तांब्याचे औषध माशांना सोसते, पण प्रवाळ, गोगलगाय आणि कोळंबीला मारते. म्हणून ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. माशांवर वेगळ्या टाकीत उपचार करावेत. फक्त कोळंबी आणि खेकडे तडफडले, बाकी सारे शांत, तर घरात डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारला होता का हे आठवावे. अशा फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड रसायने कवचधारी जीवांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. हवेचा पंप खोलीतली हवाच टाकीत ओढतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: गेल्या महिन्याभरात काय बदलले? मिठाचा ब्रँड, दिवा, गाळणीतले माध्यम, नवा मासा, नवे प्रवाळ, घराची रंगरंगोटी, गावाला गेलेले दिवस. प्रवाळ उशिरा लक्षण दाखवते. आज दिसणारी जखम तीन आठवड्यांपूर्वीच्या बदलाची असू शकते. आठवणीवर विसंबले तर हे दुवे सापडत नाहीत. ज्याच्याकडे तारीखवार नोंदवही आहे त्याला मात्र ते पान उलटताच सापडतात. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम भरपूर घातल्यावर दहाव्या-पंधराव्या दिवशी बुडापासून मांस सुटू लागणे, हा तर नोंदवहीतून हमखास उलगडणारा प्रकार.

मोजमाप

इतके झाल्यावर चाचण्यांकडे वळावे. त्यांचाही क्रम असतो.

तापमान आधी. २५ ते २६ अंश सेल्सिअस हे बहुतेक प्रवाळांना मानवते. आकड्यापेक्षा त्याची स्थिरता महत्त्वाची, म्हणून दिवसातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान पाहावे. हीटरचा स्विच चिकटून तो चालूच राहणे हे टाकीतल्या विरंजनाचे नेहमीचे कारण आहे. एकाच तापमापकावर न विसंबता दुसऱ्याने पडताळा घ्यावा.

मग लवणता. समुद्राच्या पाण्यात हजारात ३५ भाग क्षार असतात. त्याची सापेक्ष घनता सुमारे १.०२६ येते. टाकीतून वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची घट शुद्ध गोड्या पाण्याने भरून काढायची असते. ती चुकून खाऱ्या पाण्याने भरली तर लवणता हळूहळू चढत जाते. लवणता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्याने तो ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. शून्याला बरोबर दाखवणारे उपकरण ३५ ला चुकू शकते.

तिसरी अल्कलिनिटी. इथे थोडे गणित समजून घेण्यासारखे आहे. प्रवाळ सांगाडा घालताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलते. अल्कलिनिटी २.८ डीकेएचने (हे तिचे एकक) घटते तेव्हा कॅल्शियम अवघे २० पीपीएमने घटते. समजा, एका दिवसात अल्कलिनिटी ८ वरून ७ वर आली. ही घट आठवा हिस्सा आहे. त्याच दिवसात कॅल्शियम ४२० वरून ४१३ वर येईल, आणि घरगुती चाचणीत तो फरक दिसणारही नाही. म्हणून प्रवाळांच्या टाकीत अल्कलिनिटी वारंवार मोजायची आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम अधूनमधून. समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते; टाकीत ७ ते ९ मध्ये कुठेही एका जागी टिकवली तरी चालते. आज ७, उद्या १०, परवा पुन्हा ८ असे झाले तर ॲक्रोपोरा बुडापासून सोलवटू लागते.

मग पोषकद्रव्ये. पूर्वी नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाई. आता तसे मानत नाहीत. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फरस तुटपुंजा असेल तर शैवालाचे पोषण बिघडते, आणि उष्णता व प्रकाश वाढताच प्रवाळ लवकर पांढरे पडते. टाकीत नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असे दोन्ही थोडे थोडे असावे. दोन्ही शून्य आले, प्रवाळ फिकट पडले आणि वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी चिकट थर दिसू लागला, तर टाकी उपाशी आहे.

अचानक सगळे प्राणी एकदम बिघडले तर अमोनियाची चाचणी सर्वांत आधी करावी. खडकामागे मेलेला एखादा मासा लहान टाकीत पुरेसा घात करतो.

प्रकाशही मोजता येतो. पारमापक (पीएआर मीटर) प्रकाशातल्या, शैवालाच्या उपयोगी पडणाऱ्या किरणांची संख्या देतो. मऊ प्रवाळे आणि युफिलियासारखी मांसल प्रवाळे ५० ते १५० मध्ये सुखी असतात, ॲक्रोपोराला २०० ते ४०० लागतात. डोळ्याचा अंदाज इथे दगा देतो, कारण निळा प्रकाश आपल्याला मंद वाटतो पण शैवालाला तो तीव्रच असतो.

उपाय

निदान झाले की उपाय अनेकदा साधा निघतो. विरंजन झालेल्या प्रवाळाला थोड्या कमी प्रकाशात न्यावे, पूर्ण अंधारात नाही. उरलेल्या शैवालाला प्रकाश हवाच असतो. त्याला दिवे गेल्यावर बारीक कोळंबीसारखे अन्न द्यावे. शैवालाकडून मिळणारी साखर बंद झालेली असते, त्यामुळे ते उपाशी असते. शेजाऱ्याने डंख मारलेल्या प्रवाळाला अंतर द्यावे, आणि मऊ प्रवाळे टाकीत असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बन नियमित बदलावा. किडे लागलेल्या प्रवाळाला टाकीबाहेर औषधी पाण्यात बुडवावे. पण अशा बुडवणीने अंडी मरत नाहीत, म्हणून ती खरवडून काढावी लागतात आणि बुडवणी दर आठवड्याला, अनेक आठवडे करावी लागते. मांस वेगाने सुटत असेल तर सीमेपासून एक-दोन सेंटीमीटर आत, निरोगी भागात छाटावे आणि ते तुकडे वेगळ्या जागी लावावेत. मूळ वसाहत गेली तरी तिचा वंश राहतो.

पाण्यात दोष सापडला तर तो सावकाश सुधारावा. अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या ते एका डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये. लवणता काही दिवसांत मिळून दुरुस्त करावी. पाणी बदलायचे तर दहा-पंधरा टक्के, तेही तापमान आणि लवणता जुळवून. अपवाद विषबाधेचा. तांबे किंवा अमोनिया निघाले तर मोठा पाणीबदल आणि कार्बन त्याच दिवशी. बाकी प्रत्येक प्रसंगी एक बदल, तारखेसह नोंद, आणि किमान एक-दोन आठवडे वाट. दोन बदल एकत्र केले तर प्रवाळ सुधारले तरी काय लागू पडले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पाळणारा पुन्हा अंधारातच राहतो.

समुद्रापर्यंत पोहोचणारे ज्ञान

ही सगळी शिस्त एका छंदापुरती नाही. उष्णता आणि उपासमार यांमुळे प्रवाळ शैवाल बाहेर टाकते, हे मॉरिस यंग यांच्या १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेतल्या प्रयोगांतून पुढे आले होते. ते प्रयोग लहान भांड्यांतल्या प्रवाळांवर झाले. लक्षद्वीपच्या बेटांनी तेच १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मैलोनमैल पाहिले. फ्लोरिडात २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण प्रवाळांचे मांस गळवणारा नवा रोग दिसला आणि कॅरिबियन समुद्रात पसरत वीसहून अधिक जातींना लागला. तिथले पाणबुडे डागाचा आकार, सीमेचा वेग आणि कोणती जात आधी बळी पडते यांवरूनच रोग ओळखतात, आणि जखमेच्या कडेला ॲमॉक्सिसिलिनचा लेप भरतात. रोग पोहोचण्याआधी समुद्रातून काढलेल्या निरोगी वसाहती अमेरिकेतल्या अनेक मत्स्यालयांत सांभाळल्या जात आहेत. फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये २०१९ मध्ये खांबासारख्या वाढणाऱ्या दुर्मिळ प्रवाळाने कृत्रिम वातावरणात प्रथमच अंडी आणि शुक्राणू सोडले. त्यामागे लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात विकसित झालेले तंत्र होते. दिवे, तापमान आणि चंद्राच्या कला टाकीत हुबेहूब उभ्या करण्याचे ते तंत्र आहे. पाणी स्थिर ठेवणे, प्रकाश मोजणे, आजार वेळीच ओळखणे या कामांत घरगुती टाक्यांनी गेल्या काही दशकांत जे शिकवले, ते अशा ठिकाणी कामी येत आहे.

समुद्रात पाणी बदलता येत नाही, हीटर बंद करता येत नाही. काचेच्या टाकीत या दोन्ही गोष्टी हातात असतात, म्हणूनच तिथले प्रवाळ दुर्लक्षाने किंवा उतावीळपणाने मरू देणे मला अक्षम्य वाटते. त्या जीवाची सारी परिस्थिती पाळणाऱ्याने स्वतः घडवलेली असते. तेव्हा त्याची लक्षणे वाचायला शिकणे हेही त्याचेच कर्तव्य. ज्याला प्रवाळ पाळायचे आहे त्याने पहिले प्रवाळ आणण्याच्या आधी एक वही, एक भिंग, खात्रीचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अल्कलिनिटीची चाचणी घ्यावी, आणि टाकी निरोगी असतानाच रोजचे आकडे लिहायला लागावे. निरोगी दिवसांची नोंद हाताशी असेल, तरच आजाराचा पहिला दिवस ओळखता येतो.